लाल गाडीचा नियम

आमच्या घरात काही वर्षं दोन नियमांची रस्सीखेच चालली होती. एक सरकारचा, मोटारीच्या धुराचा. दुसरा सासूबाईंचा. सरकारचा नियम सारखा बदलायचा, सासूबाईंचा शेवटपर्यंत बदलला नाही. मधल्यामध्ये त्यांचे डोळे गेले. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारे लोक शेवटपर्यंत आशा लावून बसतात आणि मग माझ्याच तोंडाकडे बघतात.

मी सूरजबाई. जऊळक्याला स्टेशनच्या अंगाला आमचं धान्याचं दुकान आहे. सासरे हुकूमचंद वारल्यावर ते माझे यजमान खेमचंद सांभाळायला लागले. दुकान चांगलं चालायचं, पण यांचं मन ज्वारीत कधी रमलं नाही. त्र्याहत्तर साली हे नागपूरला प्रदर्शन बघायला गेले आणि तिथे यांना ती गाडी दिसली. दक्षिणेकडच्या कुठल्याशा नव्या कारखान्याची स्पोर्ट्‌स कार. बुटकी, लांब नाकाची, लालभडक. दोन दारं आणि दोनच माणसांची जागा.

गाडीचं बुकिंग करून हे तिचं रंगीत चित्र घेऊन आले. ते दुकानात काट्याच्या वर लावलं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी चित्र बघायचं, मग काटा. एकाने विचारलं, "शेठ, यात किती पोते बसतात?"

"पोते नाही बसत."

"मंग घेता कायले?"

हे काट्यावर वजनं ठेवायला लागले. कायले ते मलाही कळत नव्हतं. पण रात्री जेवताना हे गाडीबद्दल बोलायला लागले की यांचा चेहरा लग्नाच्या वेळचा व्हायचा, म्हणून मी ऐकून घ्यायची. सासूबाई तर चित्रावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "लाल रंग शुभ असते. पयले मले बसवजो रे, खेमा."

त्या साली शिरपूरला एका महाराजांचा चातुर्मास होता. आम्ही तिघं बैलगाडीने गेलो. शेवटच्या दिवशी लोक एकेक करून उभे राहतात आणि नियम घेतात. म्हणजे अमुक सोडलं, तमुक होईपर्यंत सोडलं, असं महाराजांसमोर बोलायचं आणि मग ते पाळायचं. कोणी साखर सोडली, कोणी आंबा सोडला. मी कारलं सोडलं. मला कारलं आवडत नाही.

मग सासूबाई उठल्या. अंगुरीबाई म्हणजे ठेंगणी बाई, पण आवाज खणखणीत. हात जोडून म्हणाल्या, "माह्या खेमाची लाल गाडी दारात येईपर्यंत मी कोन्त्याच वाहनात बसनार नाही."

महाराजांनी आशीर्वाद दिला. हे तर हरखूनच गेले. मायचं पुण्य आता गाडीला लागणार. गाडी तर वर्षभरात येणारच होती. नियम घेऊन बाहेर आलो तेव्हा बैलं जुंपलेली होती आणि सासूबाई गाडीच्या बाजूने पायी चालायला लागल्या. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. वाटेत मुक्काम करत घरी पोचलो. त्यांचे गुडघे तेव्हा जे धरले ते धरलेच. पुढे घर ते देऊळ, देऊळ ते घर, एवढीच त्यांची चाल उरली.

वर्ष सरत आलं तसा नागपूरच्या शोरूमवाल्याचा फोन आला. स्टेशनमास्तरांनी निरोप दिला, हे धावत गेले आणि तोंड पाडून परत आले. मोटारींच्या धुराचे नवे नियम येऊ घातलेत, म्हणून कारखाना इंजिन बदलतोय. थोडं थांबा.

दुकानात ही बातमी फाटकवाल्या ग्यानबाने ऐकली. हा रेल्वेच्या फाटकावर ड्यूटी करायचा, गडी सरळ. तो म्हणाला, "शेठ, आगगाडी रोज माह्या तोंडावर कोयशाचा धूर ओतते. थो सरकारले दिसत नाही. तुमची तं गाडी आली बी नाही, तिचा कसा काय दिसला?"

सगळे हसले. हे हसले नाहीत.

मग ते सुरूच राहिलं. नियम येणार म्हणून इंजिन बदललं. मग नियम पुढे गेला म्हणून जुनंच इंजिन ठेवायचं ठरलं. मग आणीबाणी आली. मग ती उठली, सरकार बदललं, नव्या सरकारने नवी समिती बसवली, तिने धुराचं वेगळंच माप काढलं. निदान शोरूमवाला यांना असं सांगायचा. हे नागपूरहून आले की एखादा नवा शब्द आणायचे. कार्बोरेटर, सायलेन्सर, कॉम्प्रेशन. सुरुवातीला मी विचारायची, कधी येणार. नंतर विचारणं बंद केलं. नंतर ऐकू येणंही बंद झालं. हे बोलायचे आणि मी तांदूळ निवडायची.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात सासूबाई म्हणाल्या, "सूरज, दिव्याभोवती कडं काहून दिसते?" मी काच पुसली. काच स्वच्छ होती. मग त्या चौकटीला धडकायला लागल्या. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. यांनी वाशिमहून डॉक्टर घरी आणला. तो म्हणाला, काचबिंदू आहे. अकोल्याला नेऊन ऑपरेशन करा, आणि आजच्या आज ठरवा. गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी वाचेल.

आमच्या घरापासून स्टेशन हाकेच्या अंतरावर. सकाळची गाडी अकोल्याला घेऊन जाते. सासूबाईंनी साफ नाही म्हटलं.

आम्ही काय कमी समजावलं? ज्यांच्यासमोर नियम घेतला ते महाराज तोवर देवाघरी गेले होते. एक साध्वी माताजी गावावरून चालल्या होत्या, त्यांना घरी बोलावलं. त्या म्हणाल्या, जिवाचा प्रसंग आहे, प्रायश्चित्त घेतलं की नियम सुटतो. सासूबाईंनी त्यांना नमस्कार केला, आहार दिला, आणि त्या गेल्यावर म्हणाल्या, "सुटते म्हनून घेतला व्हता काय?"

मला त्यांचा राग आला. तो शेवटचा राग मला नीट आठवतो. त्या रागात मला एक युक्ती सुचली, आणि अजूनही मला वाटतं की ती बरोबर होती. मी यांना म्हटलं, "अकोल्यात जुनी फियाट मिळते. घ्या, लाल रंग मारा, दारात आणून उभी करा. तुमची गाडी झाली, लाल झाली, दारात आली. नियम पुरा."

हे म्हणाले, "ती माझी गाडी नव्हे."

"पैसे तुम्ही दिले की तुमचीच."

"अगं, पुढच्या महिन्यात माझी येतेच आहे. इंजिन पास झालंय. मग ते जुनं डबडं घेऊन करू काय?"

चित्रातलीच गाडी हवी असं सासूबाई कधी म्हणाल्या नव्हत्या. चित्रातली यांना हवी होती. मी हे बोलले नाही. पुढचा महिना आला, त्याच्या पुढचा आला. सासूबाई आधी माझं तोंड ओळखेनाशा झाल्या, मग हात चाचपून ओळखायला लागल्या. दिवाळीला त्यांनी विचारलं, "दिवे लावले का?" त्या दिव्यांसमोरच बसल्या होत्या.

मी "हो" म्हटलं. मला रडू यायला हवं होतं. आतून काही हाललंच नाही. पाय मुंग्या येऊन बधिर होतो ना, तसं सगळं. पाय आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर गाडी आली. पांढरी.

हे नागपूरहून चालवत आले तेव्हा अर्धं गाव मागून पळत होतं. दारात आणून उभी केली आणि उतरताना यांनीच आधी सांगून टाकलं, मी न विचारताच. नव्या नियमाच्या इंजिनाचा पहिला लॉट पांढराच आहे. लाल हवी तर आणखी वर्षभर थांबा म्हणाले. पण इंजिन बघ. हिच्यातून धूर निघतच नाही, हात धर पाहिजे तर.

मी हात धरला नाही. म्हटलं, "रंगवून घ्या लाल. मग त्यांना सांगू."

हे गाडीच्या नाकावरची धूळ उपरण्याने पुसत होते. म्हणाले, "कोरी गाडी कोणी रंगवते काय? अन् मायले कुठं दिसते."

सहज म्हणाले. वाईट मनाने नाही, हे मला माहीत आहे. पुसता पुसता म्हणाले. मी आत जाऊन पोळ्या लाटायला लागले. पोळ्या चांगल्या झाल्या त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरपूरला दर्शनाला जायचं ठरलं. सासूबाई पहाटेच न्हाल्या, ठेवणीतलं लुगडं नेसल्या. कुंकवाचं बोट घेऊन त्या चाचपत गाडीपाशी गेल्या आणि गाडीच्या नाकावर त्यांनी स्वस्तिक काढलं. न बघता काढलेलं, पण एक रेघ वाकडी नाही. तेवढाच काय तो त्या गाडीवर लाल रंग.

"लाल हाये ना रे?" त्यांनी विचारलं.

"लालच आहे, माय," हे म्हणाले. "चित्रातल्यासारखी."

मग त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. माझ्याकडे म्हणजे मी जिथे असेन असं त्यांना वाटलं तिकडे. मी म्हटलं, "बसा आता. ऊन व्हायच्या आत निघू."

त्या बसल्या. सीटांच्या मागे सामान ठेवायची फळी होती, तिच्यावर मी अंग चोरून बसले. सासूबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला, वारा लागला तशा हसल्या. इतक्या दिवसांत त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "आगगाडीहून मऊ चालते." मला वाटलं, जाऊ दे. एका खोट्याने म्हाताऱ्या माणसाला एवढं सुख होत असेल तर होऊ दे. तेवढ्यापुरतं मला बरंही वाटलं.

गावाबाहेर फाटक लागलं होतं. अकोल्याची सकाळची गाडी यायची होती. हे थांबले. हातात झेंडी घेऊन ग्यानबा पुढे आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाला, "वा शेठ. आली एकदाची. दुधासारखी पांढरीफेक."

आगगाडी आली, धडधडत समोरून गेली. ती जाईपर्यंत कोणालाच बोलता येत नव्हतं. ती गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनला थो?"

हे घाईने म्हणाले, "काही नाही, माय. ग्यानबाले नीट दिसत नाही आताशा."

सासूबाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "दिसत नाही थे मले, खेमा. ग्यानबाले दिसते."

मग त्यांनी दाराचा खटका चाचपायला सुरुवात केली. तो सापडेना. हे नुसते स्टिअरिंग धरून बसून राहिले. बाहेरून ग्यानबानेच दार उघडलं. काय झालं ते त्याला कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं हे कळलं होतं. तो म्हणाला, "चुकलं काय माय माह्यं?" सासूबाई म्हणाल्या, "तुह्यं नाही रे बाप्पा," आणि उतरून मातीत पाय टेकवले.

सीट पुढे पाडून मीही खाली उतरले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी माझी बोटं चाचपली, अंगठी लागली तशी ओळख पटली. मला वाटलं आता विचारतील, सूरज, तुले तं मालूम होतं. त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही गावाकडे चालायला लागलो. गुडघ्यांमुळे दर चार पावलांनी थांबत होतो. रस्ता अरुंद, दोन्हीकडे कपाशी. यांनी गाडी वळवून आमच्या मागे घेतली. पुढे काढायला जागा नव्हती, हॉर्न वाजवायची छाती नव्हती. ताशी शंभर मैल जाणारी ती गाडी पहिल्या गिअरमध्ये एका आंधळ्या बाईच्या चालीने मागून यायला लागली. इतकं सावकाश चालवायला ती केलेली नसावी. इंजिन गुरगुरायला लागलं, तापलं, आणि जळका वास आमच्या पाठीवर यायला लागला.

"माय," हे मागून म्हणाले, "बस ना. घरापर्यंत तरी बस."

सासूबाई चालत राहिल्या. मग त्यांना खोकला आला. माझ्या हाताचा आधार घेऊन त्या उभ्या राहिल्या, मान मागे वळवली नाही.

"खेमा," त्या म्हणाल्या, "गाडी बंद कर. धूर येऊन राह्यला."

इंजिन बंद झालं ते ऐकू आलं. दार उघडेल म्हणून मी जरा थांबले. उघडलं नाही. मग आम्ही दोघी पुढे निघालो.