बाईंचा आवाज

घशाच्या ऑपरेशनआधी बाईंनी पुस्तकातल्या सगळ्या कविता आपल्या आवाजात शाळेच्या टॅबमध्ये भरून ठेवल्या. "पोरांचं अडायला नको," हेडमास्तर म्हणाले होते, "शिवाय यंत्र रजा मागत नाही!" तेव्हा बाईही हसल्या होत्या.

महिन्याने त्या परतल्या, तर वर्ग चिडीचूप. एरवी कसा पाखरांचा थवा! आज प्रत्येकाच्या कानावर हेडफोन आणि माना खाली.

"आले रे बाळांनो मी," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. एकानेही वर पाहिलं नाही.

पहिल्या बाकावरच्या चिमीचा हेडफोन काढून त्यांनी आपल्या कानाला लावला. त्यांचाच मधाळ आवाज, त्यांनी कधीच न म्हटलेली कविता शिकवत होता.

चिमीने हात पुढे केला. "द्या ना इकडे. बाई शिकवताहेत."