केयाचे अकरा शब्द

“एम्बुंग? सिस्टर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?” टेबलावरची बाई इतकी हसली, की मॉनिटरवरचं पित्ताशय हललं.

हेमा हसली नाही. तिने सोनोग्राफीचा प्रोब पोटावरून उचलून स्टँडवर ठेवला. “म्हणजे हा शब्द आहे?”

“आहे ना! आमच्या सुंदानीज भाषेतला. एम्बुंग म्हणजे नको. नुसतं नको नाही. अजिबात नको, जा तिकडे!”

बाईचं नाव नबिला. इंडोनेशियाची, पश्चिम जावातल्या गारुतची. दुबईत एका हॉटेलात हाउसकीपिंग बघायची. गेल्या तीन आठवड्यांत अल बर्शाच्या या क्लिनिकात सोनोग्राफीला आलेली ती पाचवी इंडोनेशियन. आधीच्या चौघी दुसऱ्या बेटांवरच्या होत्या. हेमाकडची शब्दांची यादी ऐकून त्यांनी नुसत्या माना हलवल्या होत्या.

यादी हेमाच्या मुलीची होती. केया, वय तीन वर्षं दोन महिने. तिला सांभाळणारी इमासही गारुतच्याच बाजूची. हेमा आणि तिचा नवरा सतीश शारजाहून सकाळी सहाला निघत आणि ट्रॅफिकमधून रात्री आठला घरी पोचत. मधले चौदा तास केया इमासजवळ. मुलगी बोलत नाही म्हणून त्यांनी तिला स्पीच थेरपिस्टकडे नेलं. थेरपिस्टने तक्ता भरला: अर्थपूर्ण शब्द चार, बाकी निरर्थक आवाज. घरात चार-चार भाषा आहेत, एखादी कमी करून बघा, असंही ती म्हणाली. “कमीच करायची तर आपली कशाला?” सतीश म्हणाला, आणि इमासला परत पाठवायचं ठरलं. जाताना ती आपल्या मोडक्या हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत होती, “केया बात करता, मॅडम. बहोत बात करता.” नोकरी वाचवायला म्हणतेय, असं हेमाला वाटलं.

त्या दिवसापासून केयाने तोंडातून एक आवाज काढला नव्हता. रडायचीसुद्धा ओठ मिटून. इमासचा नंबर बंद लागत होता. तिला कामावर पाठवणाऱ्या एजन्सीतल्या जमालने दोन वाक्यांत विषय संपवला, “खलास, मॅडम. फाइल क्लोज्ड.” मग हेमाने मोबाइलमधले जुने व्हिडिओ थांबवून थांबवून ऐकले, त्यातले अकरा आवाज देवनागरीत उतरवून काढले, आणि ती प्रत्येक पेशंटच्या फॉर्मवर आधी राष्ट्रीयत्वाचा रकाना वाचायला लागली.

“तपासणी झाली. पण पाच मिनिटं थांबाल?” तिने नबिलाला पोटावरचं जेल पुसायला टिश्यू दिले आणि कोटाच्या खिशातून कागद काढला. “चाई.”

“पाणी.”

हेमाचं पेन थांबलं. केया चाई म्हणाली की ती दटावायची, लहान मुलं चहा पीत नाहीत, हं.

“अलिम?”

“तेही नकोच.”

“पण नको म्हणजे एम्बुंग ना?” थेरपिस्टने तेच लिहिलं होतं, नकारासाठी ठरावीक शब्द नाही.

“एम्बुंग आपल्या बरोबरीच्यांना, जवळच्यांना. अलिम मोठ्यांना. रिस्पेक्ट! आमच्यात अशा शब्दांच्या जोड्याच असतात. पोरांना शिकवताना जीव जातो. तुमची मुलगी अलिम कुणाला म्हणायची?”

“मला.”

“आणि एम्बुंग?”

“इमासला. आमच्या बाईला.”

“मग बाईने वळण लावलंय हो! माझी दहा वर्षांची घोडी अजून मला एम्बुंग म्हणते.”

कागदावर दहा शब्दांपुढे दहा अर्थ लिहून झाले. सगळे नीट, जागच्या जागी वापरलेले. हेमाने कागद घडी घालायला घेतला.

“अजून एक दिसतोय की,” नबिला म्हणाली.

“तो आमचा आहे, मराठी. तो मोजायला म्हणून लिहिला.” हेमाच्या आवाजात जरा उभारी आली. “मी सकाळी निघाले की ती दारात इमासच्या कडेवरून विचारायची, सोनो का, आई? आम्ही अल्ट्रासाउंडला सोनो म्हणतो. ‘का’ लावला की प्रश्न होतो. सोनोला चाललीस का, असं. तिचं अख्खं वाक्य ते एकच.”

नबिलाने ते वाक्य हळूच पुटपुटून पाहिलं. “आई म्हणजे कोण?”

“मी. मदर.”

“सिस्टर, हेही आमचंच आहे.”

“शक्य नाही.”

“सोनो म्हणजे माणूस जवळ नसलं की जे होतं ते. मिस करणं. आणि का म्हणजे टुवर्ड्स. कुणाला मिस करतो, ते सांगायला. सोनो का आई. तुम्ही काय उत्तर द्यायचात?”

“हो, सोनो!” हेमा म्हणाली. “आणि तेवढ्यात लिफ्ट यायची.”

पडद्यामागून नर्सने पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. इमासला शोधाल का, असं हेमाने घाईघाईने विचारलं. “गारुत लहान नाही, सिस्टर. इमास गल्लीगल्लीत आहेत,” नबिला म्हणाली. तरी तिने हेमाचा नंबर घेतला, आणि जाता जाता तिच्याकडून एक वाक्य तीनदा म्हणवून घेतलं.

शारजाच्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. हेमा ते वाक्य काचेकडे बघून म्हणत राहिली.

दार डॉलीने उघडलं. वसईची शेजारीण, तीन आठवडे केया तिच्याच भरवशावर होती. “आज पण कायच नाय बोलली गं. पेज खाल्ली तेवढी.”

केया गालिच्यावर बसली होती. हेमा बूट न काढताच तिच्यासमोर गुडघ्यांवर टेकली.

“केया. आई सोनो का केया.”

केयाने झटकन मान वर केली. हेमाने पुन्हा म्हटलं. पोरीचा चेहरा असा उजळला, की डॉलीने हातातली वाटी खाली ठेवली. केया उठली आणि हेमाच्या बाजूने पुढे गेली. आधी तिने दाराबाहेर पाहिलं. मग बाल्कनीत. मग किचनमागच्या, इमासच्या छोट्या खोलीकडे धावली आणि टाचा उंचावून हँडल खाली ओढलं.

आत इस्त्रीचं टेबल होतं, दोन बॅगा होत्या आणि भिंतीला टेकवलेली गुंडाळलेली गादी.

हेमाला अजून दहा शब्द येत होते. इमास परत गेली, हे सांगणारा त्यात एकही नव्हता.

केयाने आत पाहिलं. मग आत कुणी झोपलेलं असावं तसं, आवाज न होऊ देता, तिने दार ओढून घेतलं.