गळ्यातला हार

मी पंखा. छतावरचा नव्हे, मोटारीच्या बॉनेटखाली रेडिएटरच्या पाठीशी बसवलेला. इंजिन तापलं की फिरायचं, निवलं की थांबायचं. नऊ वर्षांत या घरात माझं नाव कुणी घेतलं नाही. बंद पडलो आणि सगळेच माझे डॉक्टर झाले.

त्या सकाळी आम्ही अकोल्याहून निघालो. नवी सून प्रतीक्षा नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात रुजू होणार होती. अकराच्या आत, नाहीतर जागा दुसरीला. मूर्तिजापूर सुटलं आणि तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला.

सासरे वामनराव खाली उतरले. "पाणी कमी असन. झाकण खोल."

"पंख्याची मोटर जळाली बाबा, नवीनच टाका लागते," नवरा शुभम मोबाईलमध्ये पाहत म्हणाला.

माझ्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

"मामाजी, झाकण नका खोलू, वाफ अंगावर येईन," प्रतीक्षा म्हणाली. "अहो, एसी लावून पाहा. एसी लागला की पंखा फिरते."

एसी लावला. मी हललो नाही.

"गेला तो! हिले काय समजते गाडीतलं?" वामनरावांना आनंदच झाला.

तिनं किल्ली काढली, इंजिन निवू दिलं आणि टॉर्च मारून आत पाहिलं. माझ्या गळ्याला नायलॉनचा दोरा आवळलेला, त्यात झेंडूचं एक वाळकं बोंड.

लग्नाच्या वरातीचा हार तो. वाऱ्यानं उडू नये म्हणून वामनरावांनी त्याची टोकं बॉनेटच्या आत घेऊन बांधली होती. तिसऱ्याच दिवशी तिनं विचारलं होतं, "काढू का?" उत्तर मिळालं, "राहू दे. लग्नाचा हार आपसूक गळू द्यावा." फुलं गळली. दोरा मी गिळला.

तिनं नेलकटरनं एकेक वेढा कापला. तरी मी गप्पच. अडकून पडल्यानं माझा फ्यूज उडाला होता. त्याच मापाचा जादा फ्यूज बॉनेटखालच्या फ्यूजडबीच्या झाकणातच होता. नऊ वर्षं तिथंच, कुणी न पाहिलेला. तो बसवून तिनं एसी लावला आणि मी फिरलो.

अकराला दहा कमी असताना ती कारखान्याच्या फाटकात होती.

संध्याकाळी वामनराव शेजाऱ्यांना सांगत होते, "पंखा जाम होता. आमच्या शुभमनं बरोबर पकडलं!" शुभमनं मान खाली घातली.

काल दसऱ्याचा हार आला, दोरा पुन्हा नायलॉनचाच. वामनराव बॉनेटकडे वळले, तोच प्रतीक्षानं त्यांच्या हातून हार घेतला.

"आत, काचेपाशी ठेवते."

"काहून? समोरच शोभते ना!"

"शोभते, मामाजी. पण मले ड्युटीवर वेळेत पोचायचं आहे."

वामनराव लाल झाले. मला पूजा नको, हळदकुंकू नको, गळा तेवढा मोकळा ठेवा. तापलेलं इंजिन मी निववीन. तापलेल्या माणसांचं तुमचं तुम्ही पाहा.