हिरवा पट्टा

दर रविवारी इस्मे माझ्यापुढे खुर्चीवर बसायची आणि मी तिचे दाट कुरळे केस सरळ करून द्यायचे. गॅसवर लोखंडी कंगवा तापवायचा, कागदाला टेकवून बघायचा, कागद करपला नाही की केसांतून ओढायचा. कानापाशी आलं की ती आपणच बोटाने कान दुमडून धरायची. सहा वर्षांत मी तिला एकदाही चटका दिला नव्हता.

त्या दिवशी मात्र सोमवार होता. दुपारच्या गाडीने ती साउदॅम्प्टनला निघणार होती, तिथून बोटीने घरी, कॅरिबियन बेटांतल्या सेंट व्हिन्सेंटला. तिकडच्या सरकारी इस्पितळात तिला सिस्टरची जागा मिळाली होती. आम्ही दोघी एकाच गावच्या, एकाच बोटीने इंग्लंडला नर्स व्हायला आलेल्या. माझ्या चार वर्षांच्या लेकीला, मर्लला, मी माझ्या आईजवळ ठेवून आले होते, परीक्षा झाली की येते असं सांगून. आता ती दहाची झाली होती आणि पत्रात 'आई' न लिहिता 'प्रिय क्लिओन' लिहायला लागली होती. ते मला फार लागलं होतं.

परीक्षा मी कधीच पास झाले होते. प्रश्न होता तिकडच्या नोकरीचा. म्हणून माझं प्रमाणपत्र इस्मेबरोबर द्यायचं ठरवलं. तिथल्या मेट्रनला दाखव, हिच्यासाठीही बघा म्हणावं. आठ दिवस ती 'नंतर दे, नंतर दे' करत होती. अर्धं डोकं झाल्यावर मी पाकीट तिच्या मांडीवरच ठेवलं.

तिने ते उघडलंसुद्धा नाही. "हे तिकडे चालत नाही, क्लिओन."

एखादा शिक्का राहिला असेल, मी म्हणाले.

"शिक्क्याचं नाही गं. तुझा दोन वर्षांचा कोर्स, हिरव्या पट्ट्याचा. तो इथेच चालतो. घरी तीन वर्षांवालीलाच नर्स म्हणतात."

हिरवा पट्टा मला पहिल्याच आठवड्यात कमरेला बांधायला दिला होता, इस्मेला निळा. मी समजले, वॉर्डाप्रमाणे रंग असतील. बेडपॅन मी धुवायचे, इंजेक्शन ती द्यायची, आणि मी म्हणायचे, तिचं नशीब. दोन वर्षांत पास झाले तेव्हा तर आईला कळवलं होतं की मी इस्मेच्या पुढे गेले. ते पत्र पेटीत टाकायला इस्मेच गेली होती. एवढं मूर्ख माणूस असतं का? असतं. मी होते.

कधीपासून माहीत आहे, असं मी विचारलं. कान धरलेला हात तिने सोडला नव्हता. म्हणाली, पहिल्या आठवड्यात इथल्या मेट्रनने तिला एकटीलाच बोलावलं होतं. बेटांवरच्या मुलींसाठी तीन वर्षांच्या मोठ्या वर्गात एकच जागा आहे, तुमच्या दोघींत शिकलेली कोण, असं विचारलं होतं.

"मग तू काय सांगितलंस?"

"तुला वाचता येत नाही म्हणाले."

दोघींचे अर्ज मी लिहिले होते. तिचं अक्षर बघून तिला कोणी दारात उभं केलं नसतं, म्हणून तिचाही मीच लिहिला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"घाबरले होते गं," ती म्हणाली. "वाटलं, एकीला परत पाठवतील. नंतर सांगणार होते, पण तू इतकी खूश असायचीस."

कंगवा गॅसवर लालबुंद झाला होता. खोटं कशाला बोलू, मी एकदा त्या कानाकडे बघितलं. मग गॅस बारीक केला, कंगवा बेताचा निवू दिला आणि उरलेलं अर्धं डोकं पुरं केलं. तिकडे गावभर त्या केसांचं कौतुक होणार होतं आणि हात कोणाचा ते आईला कळणार होतं. अर्धवट काम मला जमत नाही.

तिने टोपी घातली, ट्रंक उचलली. माझं पाकीट टेबलावरच राहिलं. दारात ती थांबली. मर्लने विचारलं तर काय सांगू, म्हणाली.

"सांग, तुझ्या आईला वाचता येत नाही," मी म्हणाले. "तू सांगितलंस की लोकांना पटतं."