सावलीला आलेलं परिपत्रक

उजेड वाया जाऊ नये म्हणून सगळी घड्याळं एक तास पुढे करा, असं परिपत्रक आमच्या शाळेत आलं. लांबच्या थंड देशांत उन्हाळ्यातला दिवस चांगलाच ताणला जातो, तिथे या युक्तीला काही अर्थ आहे. आमच्याकडे सूर्य बारा महिने जवळपास ठरल्या वेळी येतो आणि ठरल्या वेळी जातो. पण हुकूम तो हुकूम. मोठ्या बाईंनी भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं आणि त्यांची नजर अंगणातल्या सूर्यघड्याळावर गेली.

ते मी शिकवत असलेल्या सातवीतल्या चिमणीने केलं होतं. फळीवर तिरकी सळई ठोकायची आणि दर तासाला धावत जाऊन सावलीवर रेघ ओढायची. दोन महिने तिने डबासुद्धा तिथेच खाल्ला होता.

"हे तासभर मागे आहे," मोठ्या बाई शिपाईमामांना म्हणाल्या. "उद्या साहेब तपासणीला येताहेत. पुढे करा, नाहीतर उपटून टाका."

चिमणीचा चेहरा एवढासा झाला.

मामांनी फळी फिरवून सावली दहावरून अकरावर आणली आणि हात झटकले. थोड्या वेळाने बघतात तर सावली पुन्हा भलतीकडे. पुन्हा फिरवली. दुपारी मामा स्टूल घेऊन फळीजवळच बसले, आणि मधल्या सुट्टीची घंटा द्यायची राहून गेली.

मी फळी आधी होती तशी ठेवली. चिमणीला विचारलं, "सावली काही आपलं ऐकणार नाही. मग ऐकेल असं इथे काय आहे?"

ती रेघांवरून बोट फिरवत आकड्यांपाशी आली. मग ओलं फडकं आणून तिने सगळे आकडे पुसले आणि प्रत्येक रेघेवर एकाने वाढवून लिहिले. दहाचे अकरा, अकराचे बारा.

"एवढंच होतं, तर मी दिवसभर फळीशी कुस्ती का खेळलो?" मामा म्हणाले.

"तुम्ही अभ्यास न करता पेपरला बसलात, मामा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अकराला येणारे साहेब आम्ही दोनदा चहा गरम केल्यावर आले. अंगणातच थांबले. मनगटाकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं.

"आत्ता अकरा वाजलेत. हे बारा दाखवतंय. चुकीचं आहे, काढून टाका."

मोठ्या बाई जमिनीकडे बघू लागल्या. साहेबांना कोण सांगणार? मामांना एकाएकी खोकला आला.

"साहेब," चिमणी हळूच म्हणाली, "तुमच्या घड्याळाला परिपत्रक मिळालं नाही का?"

साहेबांनी पुन्हा मनगटाकडे पाहिलं. कान लाल झाले. पाठ फिरवून त्यांनी घड्याळाची किल्ली ओढली, काटा तासभर पुढे नेला, आणि मिनिटं नीट लागली का हे बघायला मान वळवून फळीवरची सावली पाहिली.

"राहू द्या हे," ते म्हणाले. "चहा आहे का?"

मामा तिसऱ्यांदा चहा गरम करायला गेले.