डावी खिडकी

“आहात तिथेच थांबा. पाय उचलायचा नाही,” असं बजावून घारकाका शेजारच्या नर्सबाईंच्या फरशीवर पालथे झाले. बाईंच्या कानातल्याची फिरकी पडली होती आणि ड्यूटीची वेळ झाली होती.

“राहू द्या हो काका. कंबर धरेल तुमची.”

“कंबर कुठं हरवत नाही. फिरकीचं तसं नसतं.”

काकांची नजर खोलीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाई, वीतभर पुढे सरके आणि तशीच परत येई. या पद्धतीनं त्यांनी गल्लीतल्या किल्ल्या, कवळ्या आणि एकदा तर वरच्या मजल्यावरचा रुसलेला जावई शोधून दिला होता. स्वतःचा चष्मा मात्र काकूच शोधत.

ही पद्धत समुद्रावर शिकलेली. तरुणपणी काका विमानतळाच्या गोदामात कारकून होते. एक प्रवासी विमान वाटेतच बेपत्ता झालं. ते समुद्रातच पडलं असणार, असं वरिष्ठांनी ठरवून टाकलं. शोधाच्या विमानांत खिडकीशी बसायला माणसं कमी पडली, तेव्हा ज्याला लांबचं दिसतं त्याला चढवलं. कारकुनाच्या वाट्याला डावी खिडकी आली.

ते पहिल्यांदा ओरडले, विमान वळून खाली गेलं आणि निघाला फेस. दुसऱ्यांदा निघालं फुटकं पिंप. वैमानिक म्हणाला, “आता ओरडलास तर तुलाच खाली सोडतो. जवळून बघून ये.” सगळे हसले. रीत म्हणून काकाही हसले. तिसऱ्यांदा पाण्यावर पांढरं काहीतरी दिसलं, तेव्हा त्यांनी तोंड मिटून घेतलं. विमान पुढे निघून गेलं. हरवलेलं विमान काही सापडलं नाही.

काका यातलं कुणाशी बोलले नाहीत. काकूंना तुकड्यातुकड्यानं कळलं ते झोपेतल्या बडबडीतून, आणि काकूंकडून मुलाला. “डावीकडे! डावीकडे!” काकू डावीकडेच निजत. लग्नानंतर कित्येक महिने त्या बिचाऱ्या नवऱ्याला जागा करून देत पलंगाच्या कडेला लटकत होत्या.

फिरकी सापडली. काका कपडे झटकत घरी आले, तर मुलगा मोबाइल घेऊन दारातच उभा.

“बाबा, तुमचं विमान सापडलं!”

काकांनी चौकट धरली. “कुठल्या बाजूला?”

“डोंगरात, जंगलात. अर्ध्या वाटेतून मागं फिरलं होतं म्हणे. समुद्रावर गेलंच नव्हतं ते!”

“सुटलात बाई एकदाचे!” काकूंनी चहात डॉक्टरांना न विचारता दोन चमचे साखर घातली. “जन्मभर उगाच जीव जाळलात. माणसं तिथं नव्हतीच, तर तुम्ही टाकून आलात कुणाला?”

काका कप धरून बसले. “कुणाला?”

“अहो, कुणालाच नाही, तेच म्हणतेय मी. लाट असेल.”

“वारा पडलेला होता. पाणी आरशासारखं होतं.”

“मग वाहत आलेलं कापड असेल एखादं.”

“कापडच होतं,” काका म्हणाले. “हलत होतं.”

हे ते झोपेतसुद्धा कधी बोलले नव्हते. काकूंच्या हातातली बशी टेबलावर जरा जोरात टेकली.

“त्या दिवसांत दुसरं काही हरवलं होतं का, बघ रे,” काका मुलाला म्हणाले. “होडी, माणूस, काहीही.”

मुलगा बराच वेळ मोबाइलवर बोटं फिरवत राहिला. “नाही बाबा. कुणी हरवल्याची बातमीच नाही.”

“म्हणजे त्याला शोधायला कुणी निघालंच नसणार.” काकांनी मान हलवली. “आम्हीच तेवढे गेलो.”

काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकांना तो कळला नसावा. मान डावीकडे वळवून ते समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहत होते, आणि त्यांचं तोंड उघडं होतं.