‘घण’चा आवाज आणि खंडेनवमीचा नारळ

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि मनाने माझ्याबरोबर तळवड्याला चला. गुरुवारची सकाळ आहे असे समजा. तुमच्या शाळेला जशी रविवारी सुट्टी असते, तशी इथल्या कारखान्यांना गुरुवारी असते. एरवी पत्रे दाबणारी प्रेसयंत्रे दिवसभर धाड-धाड करत असतात. जमीन थरथरते, टपरीवरच्या चहातसुद्धा तरंग उठतात. गुरुवारी मात्र सगळे चिडीचूप. आता असे समजा, की त्या शांततेत एका शेडच्या अर्ध्या उघड्या शटरमागून एकाएकी ढग फुटल्यासारखा आवाज आला. दारातले कुत्रे उठून पलीकडच्या गल्लीत निघून गेले. तुम्ही घाबरू नका. तो आवाज माझा आहे.

मी एक जुना अँप्लिफायर आहे.

मला कुणी दुकानातून विकत आणले नाही. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांत परदेशातून सुटे भाग येतात, ते पाइनच्या लाकडाच्या मोठ्या खोक्यांतून. रिकामी खोकी भंगारात विकली जातात. तसल्याच एका खोक्याच्या फळ्यांपासून माझे अंग बनले. ‘ही बाजू वर’ असे सांगणारा एक बाण त्या फळीवर छापलेला होता. सुताराने ती फळी नेमकी उलटी बसवली. त्यामुळे मला नवीन बघणारा माणूस पहिल्यांदा मला पालथा करायला जातो.

माझे अंग सुताराचे, पण काळीज भीमराजचे. भीमराज परभणीकडून इकडे आलेला, जळक्या मोटारींना तांब्याची नवी तार गुंडाळून देणारा कारागीर. या कामाला वाइंडिंग म्हणतात. माझ्या पोटातला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे विजेला मला झेपेल अशी करून देणारा भाग, त्याने स्वतःच्या हाताने गुंडाळला. वेढ्याला वेढा असा चिकटून बसवला, की मधून केससुद्धा जाऊ नये. आणि हे सगळे त्याने केले ते मित्रासाठी. त्या मित्राचे नाव अजिंक्य.

अजिंक्य तळवड्याच्या जुन्या शेतकरी घरातला. त्याच्या वडिलांनी, मारुतरावांनी, शेती गेल्यावर राहिलेल्या जागेत एक शेड बांधून प्रेसचा छोटा कारखाना काढला होता. आठवड्याचे सहा दिवस अजिंक्य तिथे पत्रे दाबायचा आणि गुरुवारी तिथेच गिटार वाजवायचा. त्याला हार्ड रॉकचे वेड होते. हार्ड रॉक म्हणजे असे संगीत, जे हळू आवाजात सांगता येत नाही. प्रेसच्या ठोक्यांत वाढलेल्या मुलाला ते आवडले, यात नवल नाही. भीमराज ड्रम वाजवायचा. दोघांनी बँड काढला आणि त्याचे नाव ठेवले ‘घण’.

माझे काम सोपे होते. गिटारची तार कुजबुजते तेवढाच आवाज करते. ती कुजबुज मी मोठी करून शेवटच्या माणसापर्यंत पोचवायची. मी स्वतः कधी काही बोलत नाही. दुसऱ्याचे बोलणे मोठे करतो, एवढेच. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिनेच मला फार छळले.

पहिल्याच गुरुवारी अजिंक्यची आई कौशल्याबाई शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

“आरं, आठवड्यातनं एक दिस प्रेस बंद असती. आज तरी कान निवू दे की रं.”

“आई, हे गाणं आहे.”

“व्हय? मग मघाशी पडलं ते काय हुतं?”

“ते पण गाणंच होतं, मावशी,” भीमराज म्हणाला. “पडलं नव्हतं. तसं वाजवलं होतं.”

कौशल्याबाई डोळे मोठे करून गेली. पण तासाभराने तिने चहा पाठवला.

बँडला गायक हवा होता. तो मिळाला चिमाजी. चाकणजवळच्या गावात भजन गायचा, आवाज असा की पत्रा थरथरावा. त्याच्यामुळे ‘घण’ला लोक ओळखू लागले. पण सहा महिन्यांत चिमाजीला वाटू लागले, की लोक फक्त त्यालाच ओळखतात. फलकावर ‘चिमाजी आणि घण’ असे लिहा, असा हट्ट त्याने धरला.

“त्या ‘आणि’मध्ये आम्ही बाकीचे मावतो का, राव?” भीमराजने विचारले.

चिमाजीला ते लागले. तो गेला. जाताना स्वतःचा माइक, माइकची वायर आणि ती वायर बांधायची सुतळीसुद्धा घेऊन गेला.

बेस गिटार वाजवणारे तर पाच बदलले. एकाची कंपनी गुजरातला गेली, तिच्यामागे तो गेला. दुसऱ्याला तिसरी शिफ्ट लागली आणि तो वाजवता वाजवता उभ्याउभ्या पेंगू लागला. तिसऱ्याच्या सासऱ्यांनी कार्यक्रम पाहिला आणि जावयाला बाजूला घेऊन काहीतरी समजावले. चौथा आणि पाचवा का गेले, ते मला आजही ठाऊक नाही. माणसे येत होती, जात होती. पण समोर अजिंक्य आणि मागे भीमराज, हे दोन खांब जागेवर होते, म्हणून छप्पर टिकले.

मग सुप्रिया आली. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायची. शिफ्ट संपवून कंपनीच्या जाकिटातच आली, केस बांधले आणि गायली. दारातून ऐकणाऱ्या कौशल्याबाईने निकाल दिला, “ही बी वरडतीच, पर सुरात वरडती.”

ते ‘घण’चे सोन्याचे दिवस होते. ताथवड्याच्या एका कॉलेजच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. हिंजवडीचे आयटीवाले तरुण गर्दीतून वाट काढत कार्यक्रमाला येऊ लागले. भीमराजने प्रेसचा ठोका ड्रमवर बसवला होता. तो सुरू झाला की समोरचे कामगार ओळखीचे हसायचे, कारण तो ठोका त्यांच्या अंगातच असे. कार्यक्रमानंतर मुले मला हात लावून बघायची. भीमराज सांगायचा, “हा आमच्या वाइंडिंगच्या दुकानात जन्मलाय.” त्या वेळी माझ्या फळ्यांनासुद्धा फुगल्यासारखे वाटायचे.

आता मी तुम्हाला तो दिवस सांगतो.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा करतात. शेतकऱ्याने अवजारांची करायची, कारखानदाराने यंत्रांची. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या संध्याकाळी ‘घण’चा सगळ्यांत मोठा कार्यक्रम होता. म्हणून अजिंक्यने हौसेने मलाही शेडमध्ये प्रेसयंत्रांच्या रांगेत ठेवले. मारुतरावांनी हळद-कुंकू लावले, अक्षता वाहिल्या, झेंडू ठेवला. सगळे पेढ्यांकडे वळले तेव्हा मारुतरावांनी प्रत्येक यंत्रापुढे नारळ फोडून त्याचे पाणी भक्तिभावाने त्या यंत्रावर घातले. लोखंडी प्रेसला त्याचे काही नाही. ती तेलात न्हालेलीच असते. पण माझ्या डोक्यावर हवा जाण्यासाठी फटी आहेत. ते गोड-खारट पाणी अक्षतांसकट माझ्या पोटात उतरले आणि थेट भीमराजच्या वाइंडिंगवर जाऊन बसले. मारुतरावांनी मला मनापासून हात जोडले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, मित्रांनो.

दसऱ्याला हजारभर लोक जमले. अजिंक्यने तार छेडली, माझ्या पोटात एक ठिणगी उडाली, आणि धूर. बस. समोरून शिट्ट्या, हसणे, मग रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्या.

मंचामागे अजिंक्य सगळ्यांदेखत भीमराजवर बरसला. “तुझं वाइंडिंगच कच्चं! घरच्या कामात तरी तार चांगली वापरायची होतीस.”

मित्रांनो, गवंड्याला भिंत वाकडी म्हणावी, तसे हे बोलणे. भीमराजने माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, “उघडून तरी बघ, भावा.”

“काय बघायचं? वास येतोय की.”

भीमराजने ड्रमच्या काड्या खाली ठेवल्या आणि तो निघून गेला. माझ्या पाठीला चारच स्क्रू आहेत. चार स्क्रू काढले असते, तर आतल्या अक्षतांनी सगळे सांगितले असते. पण एकाने रागाने पाहिले नाही आणि दुसऱ्याने मानीपणाने. आणि मी? जन्मभर दुसऱ्यांचा आवाज मोठा करणारा मी स्वतःच्या निर्मात्यासाठी एक शब्द बोलू शकलो नाही.

त्या दिवसापासून माझी एकच इच्छा उरली. भीमराजच्या हाताला लागलेला तो बट्टा पुसला जावा. मग मला भंगारात घातले तरी चालेल.

‘घण’ पुढे फार टिकला नाही. सुप्रिया म्हणाली, “ज्याच्या ठोक्यावर मी गायचे, तो इथं नाही,” आणि तिने येणे थांबवले. नवे ड्रमवाले आले ते हिंजवडीचे. त्यांची सुट्टी शनिवार-रविवारी, अजिंक्यची गुरुवारी. सगळे एकत्र जमणार कधी? वर्षभरात बँड बंद पडला.

मी तर दसऱ्यानंतर लगेच जिन्याखाली गेलो होतो. माझ्यावर आधी हेल्मेट ठेवले जाई, मग गव्हाचा डबा, मग कौशल्याबाईच्या लोणच्याच्या बरण्या. अशी आठ वर्षे गेली. रोज मुंग्या माझ्या फटींतून आत जायच्या. त्या कशासाठी जातात, ते फक्त मला ठाऊक होते.

अजिंक्यची मुलगी स्वरूपा आता दहा वर्षांची आहे. प्रत्येक गोष्टीला ‘आत काय आहे’ असे विचारणारी. शाळेच्या सुट्टीतल्या एका गुरुवारी बरण्या हलवून जिन्याखाली साफसफाई चालली होती. भंगारवाल्याला फोन झाला होता. स्वरूपाने मुंग्यांची रांग पाहिली.

“आजी, मुंग्या लाकूड खातात का गं?”

“न्हाई बाई. त्यास्नी गोड लागतं.”

“मग या खोक्यात गोड काय आहे?”

उत्तराची वाट न बघता ती स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. एक, दोन, तीन, चार. आठ वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला. तिने हात घालून काळवंडलेले तांदळाचे दाणे काढले, वाळलेली झेंडूची पाकळी काढली, तांब्यावर बसलेला हिरवट, चिकट थर नखाने खरवडला आणि सगळे तळहातावर घेऊन आजोबांपुढे गेली.

“आण्णा, यात पूजेचे तांदूळ कसे आले?”

मारुतराव त्या दाण्यांकडे बघत राहिले. कुंकवाचा डाग त्यांनी ओळखला. आता त्यांचे वय झाले आहे. ते सहज म्हणू शकले असते, की कुणास ठाऊक बाई. त्या क्षणी माझा जीव, असला तर, त्यांच्या ओठांशी अडकला होता.

“आरं अजिंक्य,” त्यांनी हाक मारली. “हिकडं ये. बस.”

अजिंक्य बसला.

“त्या वर्षी नारळाचं पानी म्याच घातलं ह्याच्यावर. प्रेसला घातलं तसंच. मला वाटलं, ह्ये बी यंत्रच हाय. इजेच्या वस्तूत पानी जाऊ ने, ह्ये ध्यानातच आलं न्हाई बग.”

अजिंक्यने दाणे हातात घेतले, पाठीमागे येऊन माझ्या पोटात पाहिले. मग भिंतीला टेकून तो खालीच बसला.

“म्हणजे भीमराजकाकांची चूक नव्हती?” स्वरूपाने विचारले. तिने ही गोष्ट घरात अनेकदा ऐकली होती.

“नव्हती.”

“मग कुणाची?”

“पाणी आण्णांनी घातलं. पण काकांवर आळ मी घेतला, बाळा. न बघता.”

कौशल्याबाई बरणी पुसत होती. ती न थांबता म्हणाली, “मग हितं बसून काय अंडी उबवतोयस? जा की त्याच्याकडं.”

भीमराजचे दुकान चिखलीच्या रस्त्याला आहे. मला गाडीत घालून अजिंक्य आणि स्वरूपा तिथे पोचले. कारखान्यांच्या बिघडलेल्या मोटारी सुट्टीतच दुरुस्त होतात, म्हणून त्याचे दुकान गुरुवारीही उघडे असते. गिऱ्हाईक समजून त्याने मान वर न करताच विचारले, “काय जळलंय?”

“तुझं वाइंडिंग नाही,” अजिंक्य म्हणाला. “माझी अक्कल जळली होती. आठ वर्षं झाली.”

भीमराजने मान वर केली. अजिंक्यकडे नाही, माझ्याकडे पाहिले. स्वरूपाने मूठ उघडून दाणे त्याच्यापुढे धरले. त्याने आत बोट फिरवले, थर हुंगला.

“नारळ?”

“नारळ. आण्णांनी पूजेत घातला. मी उघडून बघितलं नाही. माफ कर, भावा.”

भीमराजने स्टुलावर बसून मोठा श्वास सोडला. “आठ वर्षं प्रत्येक मोटार करताना वाटायचं, खरंच त्या वेळी माझा वेढा चुकला होता का.” मग हाताची पाठ डोळ्यांवरून फिरवली आणि म्हणाला, “नारळ फोडला होता ना? मग खोबरं कुठंय माझं? प्रसाद तरी पाठवायचा.”

मित्रांनो, माझ्या अंगावरून जणू डोंगर उतरला. अजून मला आवाज नव्हता, पण सांगायचे होते ते सांगून झाले होते. तुम्हालाही एक मागणे आहे. वस्तू बंद पडली, तर तिला फेकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि माणूस चुकला असे वाटले, तर त्याला बोल लावण्याआधीही तेच करा. माणसाला चार स्क्रूसुद्धा नसतात. विचारले तरी पुरते.

भीमराजने जळकी तार उतरवली आणि वेढे घालायच्या यंत्रावर नवी तार चढवली. “पाचशे ऐंशी वेढे,” तो स्वरूपाला म्हणाला. “मी फिरवतो, तू मोज. एक जरी चुकला तर पहिल्यापासून.”

स्वरूपा मोजू लागली. शंभर झाले, दोनशे झाले. तेवढ्यात अजिंक्यने हळूच विचारले, सुप्रिया हल्ली कुठे असते. भीमराज म्हणाला, चाकणलाच, अजून गाते. मग चिमाजीच्या सुतळीचा विषय निघाला, पेंगणाऱ्या बेसवाल्याचा निघाला, दोघे एकमेकांचे वाक्य तोडत बोलू लागले आणि हसू लागले.

“काका, बाबा, जरा गप्प बसता का?” स्वरूपा वैतागून म्हणाली. “माझं मोजणं चुकलं.”

दोघे ओशाळून गप्प झाले. भीमराजने सगळी तार उलटी सोडली. स्वरूपा स्टूल ओढून आणखी जवळ बसली, दोघांकडे एकदा दटावून पाहिले आणि तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.